हर्सूलचा इतिहास हैदराबादच्या कपाटात का? गावाचे कागद कोण सांभाळतं, कोण वाचतं?

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे निघालं की दिल्ली गेटच्या पुढे थोड्याच वेळात हर्सूल लागतं. एकेकाळी शहराबाहेरचं गाव, आता महापालिकेच्या हद्दीतला भाग. बहुतेकांना हर्सूल माहीत असतं ते तीन गोष्टींसाठी: मध्यवर्ती कारागृह, तलाव आणि नवरात्रात गर्दीने फुलून जाणारं हरसिद्धी मातेचं मंदिर.

पण शहराच्या इतिहासात हर्सूलचं स्थान याहून मोठं आहे. मलिक अंबरने वसवलेल्या खडकी शहराला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी देणारी नहर याच हर्सूल-सावंगीच्या बाजूने आली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या राजवटीविरुद्ध सत्याग्रह करणाऱ्या अनेकांनी याच शहराच्या तुरुंगात दिवस काढले.

आता समजा, हर्सूलमधल्या एखाद्या शाळेतल्या मुलीला शिक्षकांनी 'आपल्या गावाचा इतिहास' लिहून आणायला सांगितला. तिने जायचं कुठे?

याचं सरळ उत्तर नाही. काही कागद तहसील कार्यालयात असतील, काही भूमी अभिलेख कार्यालयात, काही शाळेच्या कपाटात, काही मुंबईत. आणि मुघल आणि निजाम काळातल्या कागदांचा मोठा साठा आहे थेट दुसऱ्या राज्यात, हैदराबादमध्ये.

गावाचे कागद असे विखुरलेले असणं ही फक्त अभ्यासकांची डोकेदुखी आहे का? गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात जे घडलं, ते पाहिलं तर तसं म्हणता येत नाही.

जुने कागद अचानक बातम्यांत का आले?

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटी इथं मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केलं. १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला आणि आंदोलन राज्यभर पेटलं. त्यानंतर ७ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. काम होतं निजामकाळातल्या कागदांमध्ये 'कुणबी' अशा नोंदी शोधण्याचं. सुरुवातीला हे काम मराठवाड्यापुरतं होतं, नंतर ते राज्यभर वाढवण्यात आलं.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पहिल्या टप्प्याची माहिती दिली. पावणेदोन कोटींच्या आसपास नोंदी तपासल्या, त्यातल्या ११,५३० नोंदी कुणबी असल्याचं आढळलं.

आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात कुणाचं काय मत आहे, हा वेगळा विषय. इथं महत्त्वाचं आहे ते हे, की ही शोधाशोध कोणत्या कागदांमध्ये झाली.

त्या यादीत खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि कुळ नोंदवही होती. कोतवालाकडची जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४ होता. शाळेचं जनरल रजिस्टर होतं. भूमी अभिलेख खात्याचं पक्कं बुक होतं, वक्फचे मुंतखब होते, जुन्या खरेदीखतांच्या नोंदी होत्या. आणि कारागृहांमधली कैद्यांची रजिस्टरंही होती.

म्हणजे ज्यांना कुणी 'इतिहास' म्हणत नव्हतं, असे हे कागद. कोतवालाने मृत्यूची नोंद केली, ती पुढे शंभर वर्षांनी कुणाला पुरावा म्हणून लागेल असं समजून नाही. मास्तरांनी पटावर नाव घातलं ते मूल शाळेत आलं म्हणून. पण त्याच नोंदीवर आज एखाद्या कुटुंबाचं जात प्रमाणपत्र अवलंबून असू शकतं.

आणि त्यातूनच एक उघड अन्याय दिसतो. ज्या गावात कागद टिकले, तिथल्या माणसाला काहीतरी दाखवता येतं. ज्या गावात वाळवी लागली, पाणी शिरलं किंवा एखाद्या साफसफाईत गठ्ठे रद्दीत गेले, तिथल्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. इतिहास दोघांचाही असतो, पुरावा मात्र एकाकडेच.

मराठवाड्याचे कागद हैदराबादला कसे गेले?

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात झालेल्या कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झालं. पण त्यानंतरही मराठवाडा लगेच मराठी राज्यात आला नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याचाच भाग होता. मग द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र.

जिल्ह्याच्या रोजच्या कारभाराला लागणारे कागद जिल्ह्यात राहिले. राजधानीतल्या मध्यवर्ती दप्तरांचं घर मात्र हैदराबाद होतं आणि ते तिथंच राहिलं. हैदराबाद राज्याची विभागणी झाली, माणसं आणि जिल्हे तीन राज्यांत वाटले गेले. पण सलग ठेवलेलं दप्तर जिल्हानिहाय कापून वाटता येत नाही. त्याचा क्रम मोडला की त्याचा अर्थही हरवतो.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे. औरंगजेब दख्खनमध्ये असताना मुघल लष्कराचे आणि महसुलाचे असंख्य कागद इथं तयार झाले. ते औरंगाबादच्या किले-अर्कमध्ये पडून होते. १९१६ मध्ये ते हैदराबादला हलवण्यात आले. आज तेलंगण राज्य पुराभिलेखागारात शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दीड लाखाहून अधिक कागद आहेत. फारसीतला हा साठा मुघल काळाच्या अभ्यासासाठी देशातल्या सर्वांत महत्त्वाच्या साठ्यांपैकी एक मानला जातो.

त्यात बादशहाचे हुकूम आहेत, तसेच साध्या शिपायांच्या ओळखीचे कागदही आहेत. 'अर्ज-ओ-चेहरा' नावाच्या कागदांत स्वाराचं नाव, बापाचं नाव, चेहऱ्यावरच्या खुणा आणि त्याच्या घोड्याचं वर्णन लिहिलेलं असे. हजेरीच्या वेळी भलताच माणूस किंवा भलताच घोडा उभा करू नये म्हणून. साडेतीनशे वर्षांपूर्वी या शहराच्या आसपास वावरलेल्या साध्या माणसांचं इतकं बारीक वर्णन दुसऱ्या कुठल्या साधनात क्वचितच मिळतं.

हैदराबादला नेल्यामुळे हे कागद वाचले, हेही खरं. तिथं त्यांची यादी झाली, निवडक कागदांचे खंड १९५० च्या दशकात छापले गेले. पण हर्सूलच्या मुलीच्या दृष्टीने पाहिलं तर ते पाचशे किलोमीटर लांब, फारसीत आणि दुसऱ्या राज्याच्या ताब्यात आहेत.

'हैदराबाद गॅझेट' की 'हैदराबाद गॅझेटियर'?

२ सप्टेंबर २०२५ ला राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरची अंमलबजावणी करण्याचा शासन निर्णय काढला. पात्र अर्जदारांच्या चौकशीसाठी गावपातळीवर समिती नेमण्याची तरतूद त्यात आहे. या निर्णयावर मोठा वाद झाला आणि त्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं.

या वादात समाजमाध्यमांवर 'गॅझेट' आणि 'गॅझेटियर' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले गेले. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकारचे आदेश, नेमणुका, अधिसूचना त्यात छापून येतात. गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाची सविस्तर माहिती देणारा ग्रंथ. मराठीत त्याला दर्शनिका म्हणतात. तिथल्या नद्या, डोंगर, पिकं, बाजार, रस्ते, जुनी ठिकाणं, लोकसंख्या, जाती-जमाती असं सगळं त्यात असतं. औरंगाबाद जिल्ह्याचं असं गॅझेटियर १८८४ मध्ये इंग्रजीत निघालं होतं. शहराच्या नहरींबद्दल लिहिताना आजही अभ्यासक त्याचा आधार घेतात.

फरक महत्त्वाचा का? कारण गॅझेटियर समूहाबद्दल सांगतं, व्यक्तीबद्दल नाही. एखाद्या जिल्ह्यात अमुक समाजाचे इतके लोक राहतात, असं त्यात लिहिलेलं असतं. अमुक गावातल्या अमुक माणसाचा आजोबा कोण होता, हे त्यात नसतं. ते शोधायला परत खासरा पत्रक, जन्म-मृत्यू नोंद आणि शाळेचं रजिस्टर यांच्याकडेच यावं लागतं. म्हणजे मोठा ग्रंथ कितीही प्रसिद्ध असला, तरी शेवटी उपयोगी पडतो तो गावातला जपलेला कागद.

हे कागद सांभाळणं नेमकं कुणाचं काम आहे?

महाराष्ट्रात हे काम एका संस्थेकडे नाही. ते वाटलं गेलेलं आहे.

सरकारी कागदांसाठी पुराभिलेख संचालनालय आहे. त्याची सुरुवात ब्रिटिश काळात, १८२१ मध्ये मुंबईत झाली. मुंबईशिवाय पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथंही त्याची दालनं आहेत. पुण्यातल्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. वास्तू, शिलालेख आणि वस्तुसंग्रहालयं पुरातत्त्व संचालनालय पाहतं. जिल्हा गॅझेटियर तयार करायला दर्शनिका विभाग आहे. सरकारी अभिलेख कसे जपायचे आणि नष्ट करायचे, याबाबत महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदाही आहे.

पण घराघरांत पडलेल्या खासगी कागदांचं काय? तिथं सरकार कमी पडलं आणि लोक पुढे आले. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतून कागद गोळा केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालिकेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला. पुढे एकूण २२ खंड निघाले. ७ जुलै १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. राजवाड्यांच्या निधनानंतर त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं.

मराठवाड्यातही असे लोक होते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथं रामलिंगप्पा लामतुरे यांनी मातीत सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. पैठणमध्ये बाळासाहेब पाटील यांनी तेच केलं. आज या दोन्ही ठिकाणी त्यांच्या नावाची सरकारी संग्रहालयं आहेत. सातवाहन काळातल्या मराठवाड्याची जी ओळख आज होते, तिच्यात या दोन संग्राहकांचा मोठा वाटा आहे.

मराठवाडा इतिहास परिषदेची अधिवेशनं होतात, तिथं शोधनिबंध वाचले जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. सोनेरी महालात राज्य सरकारचं संग्रहालय आहे. म्हणजे संस्था नाहीत असं नाही. पण 'हर्सूल' हे नाव दिलं की कुठल्या दप्तरात, कुठल्या संग्रहालयात, कुठल्या घरात काय आहे, हे एका ठिकाणी सांगणारी यादी नाही. खरी अडचण तिथं आहे.

दुसरीकडे हे कसं होतं?

अमेरिकेत बहुतेक राज्यांत राज्य पातळीवरची इतिहास संस्था असते. विस्कॉन्सिन राज्याची संस्था १८४६ मध्ये, म्हणजे ते राज्य अधिकृतपणे स्थापन होण्याच्या दोन वर्षं आधी सुरू झाली. मिनेसोटाची संस्था १८४९ ची आणि राज्य १८५८ चं. आधी इतिहास संस्था, मग राज्य, असा तो क्रम.

विस्कॉन्सिनच्या पद्धतीतली एक गोष्ट मराठवाड्याने पाहण्यासारखी आहे. तिथं सगळे कागद राजधानीत कोंडून ठेवलेले नाहीत. राज्यभरातल्या विद्यापीठांत संशोधन केंद्रं आहेत. ज्या भागाचे कागद, ते शक्यतो त्या भागातल्या केंद्रात ठेवतात. मालकी आणि यादी मात्र एकत्र. दूरच्या अभ्यासकाला एखादा गठ्ठा हवा असेल, तर तो काही काळासाठी त्याच्या जवळच्या केंद्रात पाठवला जातो. शिवाय शेकडो लहान स्थानिक संस्था या मोठ्या संस्थेशी जोडलेल्या आहेत.

हे सगळं जसंच्या तसं इथं आणता येईल असं नाही. तिथल्या कागदांचं वय कमी, भाषा बहुतेक एकच आणि पैसा जास्त. पण तत्त्व साधं आहे: कागद गावाजवळ असावा आणि त्याची यादी सगळ्यांना दिसावी.

कागद सापडला, पण वाचणार कोण?

समजा, यादी झाली आणि कागदही मिळाला. पुढची अडचण लिपीची.

मराठवाड्यातला एखादा जुना कागद मोडीत असू शकतो, फारसीत असू शकतो, उर्दूत असू शकतो. निजामाच्या कारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर कुलकर्णी मोडीत लिहीत राहिले. त्यामुळे एकाच शेताची गोष्ट तीन काळांत तीन लिप्यांमध्ये मिळू शकते. आजोबांच्या हातचं नातवाला वाचता येत नाही, अशी स्थिती अनेक घरांत आहे.

तारखांचाही घोळ होतो. निजामकाळातल्या महसुली कागदांवर फसली सन असतो. १३५८ फसली म्हणजे साधारण १९४८-४९. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. हे माहीत नसेल तर '१३४०' असं लिहिलेला, शंभर वर्षांहून कमी वयाचा कागद कुणी चौदाव्या शतकातला म्हणून फॉरवर्ड करतं आणि तो हजारो फोनवर पोहोचतो.

शिंदे समितीच्या कामात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज अचानक वाढली. पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था मोडीचे वर्ग घेतात. पण अक्षरओळख होणं आणि घाईत लिहिलेला महसुली कागद वाचता येणं, यात वर्षांच्या सरावाचं अंतर आहे. तो सराव असलेली माणसं कमी आहेत. तीही बहुतेक वयस्कर. कागदाइतकीच त्यांना वाचणाऱ्यांचीही जपणूक करायला हवी, हे या घाईने दाखवून दिलं.

हर्सूलची नहर: जिथं कागदही पुरत नाही

सगळाच इतिहास कागदावर नसतो. हर्सूलच्या बाबतीत तर नक्कीच नाही.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवलं. पुढे १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी तयार झाली. उत्तरेच्या डोंगराळ भागातलं, हर्सूल-सावंगीच्या बाजूचं जमिनीतलं पाणी भूमिगत दगडी-चुन्याच्या नाल्यांतून शहरात आणलं. पाणी फक्त उताराने यायचं. पंप नाही, इंजिन नाही. मध्ये मध्ये उभारलेल्या मनोऱ्यांमुळे दाब सांभाळला जायचा आणि हवा बाहेर पडायची. पुढच्या शतकभरात शहरात अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचं जातं फिरवणारी नहर त्यांपैकीच.

आज हे शहर पाण्यासाठी जायकवाडीवर अवलंबून आहे आणि नळाला अनेक दिवसांआड पाणी येण्याची सवय इथल्या लोकांना झाली आहे. तिथं चारशे वर्षांपूर्वीची पाणी योजना म्हणजे नुसतं कौतुकाचं प्रकरण नाही. पाणी जमिनीत कुठे मुरतं, कुठून वाहतं याचा तो चांगला अभ्यास आहे.

पण नहर जमिनीखाली आहे. वरून दिसत नाही. त्यामुळे कुणी पाया खोदतं, कुणी बोअर घेतं, कुठे रस्ता रुंद होतो आणि नाला फुटतो. बऱ्याचदा फोडणाऱ्याला आपण काय फोडलं हेही कळत नाही. बीबी का मकबऱ्यासारख्या वास्तूला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. तिच्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट आहे. पण अनेक शेतांखालून, वस्त्यांखालून आणि रस्त्यांखालून जाणाऱ्या नालीभोवती असं वर्तुळ आखणं सोपं नाही.

इथं उपयोगी पडतात ती म्हातारी माणसं. कुठल्या शेतात नहरीचं तोंड होतं, कुठल्या मनोऱ्याजवळ बायका पाणी भरत, कुठलं तोंड कधी बुजवलं, हे त्यांना आठवतं. ही माहिती कुठल्याही रुमालात नाही. ती माणसांसोबत जाते.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला अजिंठा आहे. निजामाच्या संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं सुरू केलं, गुलाम यझदानी यांना प्रमुख नेमलं आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अजिंठ्याच्या चित्रांसाठी थेट इटलीहून जाणकार आणले. जगप्रसिद्ध वारशासाठी कुणी ना कुणी धावून येतं. हर्सूलच्या नहरीसाठी इटलीहून कुणी येणार नाही. तिची काळजी घेणारे असतील तर ते हर्सूलचेच असतील.

स्कॅन केलं की काम झालं?

आजकाल प्रत्येक अडचणीवर 'डिजिटायझेशन' हे उत्तर दिलं जातं. केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम' मोहीम जाहीर केली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन हे तिचं उद्दिष्ट आहे. कुणबी नोंदींच्या शोधातही जिल्हा प्रशासनांनी अनेक कागद स्कॅन करून संकेतस्थळांवर ठेवले. एरवी एका कपाटात बंद असलेले कागद पहिल्यांदाच सामान्य माणसाला घरबसल्या दिसले, ही मोठी गोष्ट आहे.

पण स्कॅन म्हणजे फोटो. त्या फोटोत काय आहे, हे लिहिलेलं नसेल तर तो शोधता येत नाही. दहा हजार पानांची एक फाइल म्हणजे दहा हजार पानांचं कपाटच, फक्त पडद्यावरचं. गावाचं नाव, साल, लिपी, कागदाचा प्रकार आणि मूळ कागद कुठे आहे, ही पाच गोष्टींची नोंद सोबत हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे हा शोध एका प्रश्नासाठी झाला. ज्या पानावर 'कुणबी' शब्द सापडला, ते पान मोलाचं ठरलं. त्याच वहीतल्या इतर पानांवर दुष्काळात मेलेली माणसं असतील, साथीत गेलेली मुलं असतील, गाव सोडून गेलेली कुटुंबं असतील. ती पानं पुन्हा गठ्ठ्यात गेली तर निम्मं काम वाया गेलं असं म्हणावं लागेल.

मग हर्सूलने काय करायचं?

मोठी संस्था उभी राहण्याची वाट न पाहता काही गोष्टी गावपातळीवर करता येतात आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, यादी. गावातल्या शाळांत, मंदिरात, मशिदीत, जुन्या घरांत कोणते कागद, फोटो, शिलालेख आहेत, याची एक साधी वही. वस्तू कुणाकडून काढून घ्यायची नाही. ती मालकाकडेच राहू द्यायची, फक्त नोंद करायची.

दुसरी, कागदाची हाताळणी. जुना कागद लॅमिनेट करू नये, त्याला चिकटपट्टी लावू नये. दोन्हींमुळे तो कायमचा खराब होतो. कोरड्या जागी, सुती कापडात ठेवावा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं आणि साल लिहावं. नाव नसलेला फोटो एका पिढीनंतर अनोळखी माणसांचा होतो.

तिसरी, आठवणी. गावातल्या ज्येष्ठांशी नहर, तलाव, जत्रा, १९४८ चे दिवस, १९७२ चा दुष्काळ यांबद्दल बोलून ते फोनवर ध्वनिमुद्रित करता येतं. त्यांची परवानगी घेऊन, सुरुवातीला नाव, तारीख आणि जागा सांगून. दोन जणांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही ठेवाव्यात.

चौथी, नहरीचा नकाशा. जिथं जिथं तोंड, मनोरा किंवा नाल्याचा तुकडा दिसतो, त्या जागेची फोनवर नोंद करून ती महापालिकेला आणि पुरातत्त्व खात्याला कळवणं. खोदकाम करण्याआधी विचारायला काहीतरी हाताशी असेल.

आणि समाजमाध्यमांवर जुना कागद समोर आला की चार प्रश्न: तो कुठल्या दप्तरातला आहे? त्याचा क्रमांक काय? त्यावरचा सन कुठला? आणि तो कुणी वाचला? यातल्या एकाचंही उत्तर नसेल, तर पुढे पाठवण्याआधी थांबणं बरं.

मोठ्या प्रश्नांसाठी मात्र सरकारच लागेल. हैदराबादेतल्या मराठवाड्यासंबंधीच्या कागदांच्या यादीची आणि स्कॅन प्रतींची देवाणघेवाण दोन राज्यांत करार होऊनच शक्य आहे. मूळ कागद तिथंच राहिले तरी चालेल, त्यांची प्रत छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात दिसली, तर पाचशे किलोमीटरचं अंतर संपेल. फारसी, उर्दू आणि मोडी वाचणारी नवी पिढी तयार करायची, तर वर्षातून एखादा वर्ग पुरणार नाही. शिकणाऱ्याला पुढे नोकरी दिसायला हवी.

२०२३ मध्ये मराठवाड्यातल्या लाखो लोकांना एका रात्रीत कळलं की आजोबांच्या नावाची एक ओळ कुठेतरी लिहिलेली असू शकते आणि ती मिळाली किंवा नाही मिळाली, तर आयुष्यात फरक पडतो. पुढच्या वेळी प्रश्न आरक्षणाचा नसेल. कदाचित जमिनीचा असेल, पाण्याचा असेल, वारसाहक्काचा असेल. कागद तेव्हाही लागतील. तोपर्यंत ते टिकले पाहिजेत, कुठे आहेत हे माहीत असलं पाहिजे आणि कुणाला तरी ते वाचता आले पाहिजेत.